केंद्र क्रमांक एकेचाळीस

मतदान केंद्रांवरून निकाल पाठवण्याची प्रणाली तिनं चार सहकाऱ्यांबरोबर लिहिली होती. कोड सगळ्यांसाठी खुला होता. विरोधी पक्षांच्या जाणकारांनीही ओळ न् ओळ तपासून मान डोलावली होती.

मतदान संपायला चार तास बाकी असताना नियंत्रण कक्षात तिच्या पडद्यावर एक निकाल येऊन थडकला. केंद्र क्रमांक एकेचाळीस.

"हे कुठून उगवलं?" शेजारचे अधिकारी म्हणाले. "तुम्ही तर ते यादीतून काढलं होतं ना?"

काढलं होतं, तिनंच. गेल्या वर्षी डोंगर खचला आणि एकेचाळीसची शाळा अख्ख्या वस्तीसकट मातीखाली गेली. तिथं शिकवणारी आणि दर निवडणुकीत तिथंच केंद्राध्यक्ष असणारी तिची थोरली बहीणही गेली.

आलेला फोटो निकालपत्रकाचा होता, पण सगळे रकाने कोरे. तिनं तो पुसला. तो पुन्हा आला. या वेळी खाली केंद्राध्यक्षांची सही होती.

"ताईची सही आहे ही," ती पुटपुटली.

"कुणीतरी चेष्टा करतंय, बाई. जिवाला लावून घेऊ नका." अधिकाऱ्यांनी फोटो पुसायला हात पुढे केला, पण तेवढ्यात तिसरा फोटो आला आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

शेऱ्याच्या रकान्यातली शाई अजून ओली चमकत होती.

"सगळे मतदार सकाळपासून रांगेत उभे आहेत. एकाचंही नाव यादीत सापडत नाही. म्हातारी माणसं दमलीत गं. सगळ्यांना घरी पाठवू का?"