पुन्हा तपासणीपर्यंत

हिरवे कागद. पिवळे. लाल. तिन्ही गठ्ठे गाडीच्या बॉनेटवर, उडू नयेत म्हणून वर वीट. वर्लिन स्ट्राउडच्या हातात पेन, टोपण काढलेलं. सही मात्र एकाही कागदावर नाही.

"व्यायामशाळेत दोनशे माणसं तीन दिवस गार पाव चावतायत," ओडेसा म्हणाली. "माझ्या चुली इथे दहा पावलांवर. आणि तू पेन वाळवत बसलायस."

टॉर्नेडोने कॅन्ससमधलं ते गाव अर्धं पुसून टाकलं होतं. ओडेसाची खानावळ उभी होती, पण इंजिनियरच्या सहीचा हिरवा कागद दारावर लागल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, असा हुकूम होता; पिवळा म्हणजे जपून वापरा, लाल म्हणजे आत पाऊलच नको. वर्लिन निवृत्त इंजिनियर. शेजारच्या गावातून आपणहून आलेला, फुकट.

"उद्या भिंत कोणाच्या डोक्यात पडली तर कोर्टात गाव उभं राहणार नाही, ओडेसा. मी राहीन. राहतं घर जाईल माझं."

"आज कायदा होतोय ना?"

"होतोय. झालेला नाही."

लेम्युएल, गावाचा इमारत अधिकारी, फोन कानाला घट्ट लावून उभा होता. "राज्यपाल आली. बसली." थांबला. "पेन शोधतेय."

"वर्लिनचं पाठवून दे. नाहीतरी रिकामंच आहे," ओडेसा म्हणाली.

वर्लिनने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"केली," लेम्युएल म्हणाला. मग जरा मोठ्याने, "केली सही. फुकट राबणाऱ्याला आता कोर्टात ओढता येणार नाही. वर्लिन, गावाच्या वतीने मी तुला बोलावतोय. जा."

एकाहत्तर वर्षांचा वर्लिन धावला.

पाया. ठीक.
छताच्या कैच्या भिंतीवर नीट टेकलेल्या. ठीक.
गॅस बंद. ठीक.
मागची भिंत.

मागच्या भिंतीत खिडकीपासून जमिनीपर्यंत भेग होती. वर्लिन गुडघ्यावर बसला.

"ती माझ्या लग्नाआधीची आहे," दारातून ओडेसा म्हणाली.

"सगळे असंच सांगतात."

त्याने खिशातून खिळा काढला, भेगेत खोल घातला, हलकेच खरवडला. बाहेर काढून उजेडात धरला. टोकावर रंगाचे कपचे होते. आधी फिकट निळा, त्याखाली पिवळा. वादळाने पडलेल्या ताज्या भेगेत आत रंग नसतो.

"हा पिवळा कधीचा?"

"सासूच्या वेळचा."

हिरवा कागद दारावर चिकटला. सही इतकी मोठी की चौकटीबाहेर गेली.

दोन तासांत रस्त्यावर मिरचीचा वास सुटला. मोठ्या पातेल्यांत राजमा आणि खिमा रटरटत होता, शेजारी दालचिनीचे गोड रोल. या गावात एकाशिवाय दुसरं खात नाहीत. लोक रांगेत उभे होते आणि एकदम सगळे बोलत होते.

ओडेसाने गरम रोल डब्यात घालून वर्लिनपुढे धरला. दर गुरुवारी तो इथे येऊन हाच खायचा. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"कायद्यात आहे. कसलाही मोबदला न घेता काम केलं तरच संरक्षण."

"रोल म्हणजे मोबदला?"

"वकिलाने ठरवलं तर हो. अजून अकरा घरं तपासायची आहेत मला."

"लेम्युएल, याला सांग काहीतरी."

लेम्युएलने तोंडातला घास गिळला. "मला पगार आहे," तो म्हणाला. "मी खाऊ शकतो."

ओडेसाने वर्लिनच्या गठ्ठ्यातला लाल कागद ओढला, उलटा करून कोऱ्या बाजूवर भराभर लिहिलं, डब्याच्या झाकणावर चिकटवला आणि डबा खिडकीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

धोकादायक. हात लावू नये.
तपासणार: ओडेसा प्रूइट.
पुन्हा तपासणी: बारावं घर झाल्यावर.

वर्लिनने दोनदा वाचलं. "अकरा," तो म्हणाला.

"बारावं तुझं स्वतःचं," ती म्हणाली. "तिथे डबा मीच घेऊन येते."