बांधलेली भाकरी

गावात चोरी झाली की आई फडक्यात भाकरी बांधायची आणि बा सदरा घालून दारात बसायचा. पोलीस आधी पारध्यांच्या वस्तीवरच येतात, हे दोघांना पाठ होतं.

आजही हवालदार आले. "चल रे, चौकशी आहे."

बा गाठोडं घेऊन उठला. मी आडवी उभी राहिले. "कशावरून नेताय?"

"ही कोण?"

"धाकटी. बीएस्सी झालीय," बा माफी मागितल्यासारखा म्हणाला.

"मग कळायला पाहिजे हिला. चोरी झाली की तुम्हाला न्यायचं, हे माझ्या आज्याच्या वेळेपासून चालत आलंय."

"आज्याच्या वेळी इंग्रजांचा कायदा होता, आम्हाला जन्मतःच गुन्हेगार म्हणणारा. तो १९५२ साली रद्द झाला. आता दुसरं कारण लिहून द्या आणि खाली सही करा." मी वही पुढे केली.

हवालदारांनी पेन कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शाईचा एक ठिपका तेवढा उमटला.

बा खाली बसला. त्याने फडक्याची गाठ सोडली, भाकरीचा तुकडा मोडला. "सावकाश लिहा, साहेब," तो म्हणाला. "तोवर मी घरीच जेवून घेतो."