पायरीवरच्या चपला

सीताबर्डीवरच्या दुर्गेशच्या झेरॉक्स दुकानात गिऱ्हाईक पायरीवर चपला काढून आत येई, मोबाइलवरून आधार कार्ड पाठवी आणि निघताना हटकून विनवी, "डिलीट करजो गा." दुर्गेश "केलं" म्हणे आणि काही करत नसे. असल्या फाटक्या लोकांचं कोण काय चोरणार? त्यांचे आधार, पॅन, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं ऑनलाइन फोल्डरमध्ये साचत होतं. बुटीबोरीच्या दुकानातून धाकटा भाऊ पियुषही तेच फोल्डर वापरी.

आज कौशल्याबाई मात्र काउंटरपाशी अडूनच बसल्या. "माह्या डोयासमोर डिलीट कर."

"तुमच्या थोबाडाचं मी काय लोणचं घालू, मावशी?" बाकावर थांबलेल्या दोघांना डोळा मारत दुर्गेशने त्यांची फाइल उडवली. "झालं समाधान?"

त्याने मान वर केली, तर काउंटरसमोर कोणीच नव्हतं.

तो दाराशी आला. बाहेर डांबर वितळवणारं ऊन होतं आणि बाईंच्या चपला पायरीवरच होत्या. "येडी," तो तुच्छतेने हसला आणि आत वळला.

बाकही रिकामा होता. दारातून कोणी गेलं नव्हतं. त्या दोघांच्या चपलाही पायरीवर तशाच होत्या.

फोन वाजला. "भाऊ, फोल्डर भरलं होतं," पियुष म्हणाला. "मघापासून कचरा उडवून राहिलो. तुह्यं आधार बी हाय याच्यात. त्याचं काय लोणचं घालाचं?"

"थांब" म्हणायला दुर्गेशने तोंड उघडलं. पायरीवरची शेवटची जोडी त्याची होती.