बिनसूचकाचा सभासद

२००५ सालची भर दुपार. शाहूपुरीतल्या दूध संस्थेच्या ऑफिसात विद्याश्री एका जुन्या प्रोग्रामशी झुंजत बसली होती. तो लिहिणारा माणूस सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मागं न ठेवताच वारला, आणि आता प्रोग्राम नवा सभासद काही केल्या करून घेईना.

"जमंना तर सांगा, पुण्याचा माणूस बोलवतो," सेक्रेटरी आण्णा म्हणाले. ते तिला झोंबलं.

तिनं रिफ्लेक्शन लावलं. म्हणजे प्रोग्रामलाच आरसा दाखवायचा आणि पोटात काय दडलंय ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. सभासद जन्माला घालणारे कन्स्ट्रक्टर दोन निघाले. पहिल्याला नाव, गाव आणि सूचक लागायचा. जुन्या सभासदानं ओळख दिल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा संस्थेचा रिवाजच. पण हा पहिला कन्स्ट्रक्टर कधीचा बिघडला होता. दुसरा बाहेरून न दिसणारा, खासगी. त्याला काहीच लागत नव्हतं. ना नाव, ना गाव, ना कुणाची ओळख.

विद्याश्रीनं त्याला हाक घातली.

स्क्रीनवर अक्षरं उमटली: सभासद तयार.

"जितलीस की पोरी," म्हणत आण्णांनी अख्ख्या ऑफिसला भेळ सांगितली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता रिकाम्या रकान्यात नाव कुठलं घालावं, याचा ती मजेत विचार करू लागली.

तेवढ्यात शिपाई नागाप्पा दारात आला. "मॅडम, खाली एक पावणं आल्यात. नवा सभासद हाय म्हणत्यात."

"नाव काय त्यांचं?"

"तेच इचारलं की मी. म्हणत्यात, मॅडमनी अजून ठिवलं न्हाय."