दाराशी बारा जोड

यशश्रीने भिंतीवरच्या परवान्याचा फोटो काढला, तारीख मोठी करून पाहिली आणि यादीतल्या नवव्या प्रश्नावर खूण केली. लग्न ठरताना नवऱ्याचीसुद्धा तिने इतकी चौकशी केली नव्हती. एचएसआर लेआउट या वस्तीत तिने पाहिलेलं हे चौथं पाळणाघर. सोमवारी तिला ऑफिसात हजर व्हायचं होतं, आणि चौदा महिन्यांच्या ध्रुवला नुकतेच पाय फुटले होते. त्याला कुणाच्या भरवशावर सोडायचं, एवढंच तिला आज ठरवायचं होतं.

कागद चोख होते. परवाना दोन वर्षांपूर्वीचा, अग्निशमनाचा दाखला, कॅमेरे, सगळं होतं. "आमच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, कुठेही शोधा," मालकीण अनुषा हिंदीत म्हणाली. यशश्रीने आदल्या रात्रीच शोधलं होतं. खरंच नव्हती.

आत मुलं भात खात होती. वाढणारी बाई साठीची, कृष्णाबाई. यशश्रीला ध्रुवशी मराठीत बोलताना ऐकून तिचा चेहरा खुलला. "आमच्या घरात पण मराठीच. पाच-सहा पिढ्या इथंच गेल्या."

मग ती मोजू लागली. एकेका मुलाच्या डोक्यावर तळवा ठेवत, एक, दोन, तीन. एक मुलगी टेबलाखाली शिरली, तर कृष्णाबाईने गुडघे टेकून तिच्या डोक्याला हात लावला. बारा. पाच मिनिटांनी तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आधीच्या तिन्ही ठिकाणी मुलं किती असं विचारल्यावर बायकांनी टॅबलेट उघडला होता.

"अक्का, अशी डोकी मोजता?" यशश्री हसून म्हणाली. "माझी आई ओरडली असती. दृष्ट लागते म्हणते."

कृष्णाबाई हसली नाही. "मी पण नव्हते मोजत. दाराशी चपला मोजायची. बारा जोड, बारा मुलं."

"मग?"

कृष्णाबाईने मालकिणीकडे पाहिलं. "स्वल्प भात आणते," ती कानडी वळणाने म्हणाली आणि उठली.

ध्रुवपुढे रिकामी स्टीलची ताटली होती. तिच्या काठावर, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं, नाव कोरलेलं होतं. नाव दुसऱ्याच पाळणाघराचं होतं आणि साल सात वर्षांपूर्वीचं.

"नाव बदललंत?"

"जुनी मॅनेजमेंट होती," अनुषा म्हणाली.

"का बदललं?"

"ब्रँडिंग." तिने फाईल मिटली.

यशश्री ध्रुवला उचलून दाराशी आली. खालच्या फळ्यांवर मुलांच्या चपला होत्या. सगळ्यात वरच्या फळीवर एकच जोड होता, लहानसा, लाल, पट्टे विटलेले. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. परवाना नवा, नाव नवं, म्हणून रेकॉर्ड कोरं. तिने निरोपसुद्धा घेतला नाही. ध्रुवला छातीशी धरून ती तडक रस्त्याला लागली.

कोपऱ्यावर ती रिक्षात चढत होती, तेवढ्यात मागून हाका आल्या. कृष्णाबाई धावत येत होती, अनवाणी, पदर सुटलेला. हातात ध्रुवच्या निळ्या चपला होत्या. घाईत तिथेच राहिल्या होत्या.

चपला तिने दिल्याच नाहीत. आधी ध्रुवच्या डोक्यावर हात ठेवला, मग गालावर, मग परत डोक्यावर.

"चपला तिथंच होत्या," ती म्हणाली. "चपला होत्या आणि पोर नव्हतं."

यशश्रीला कळलं. तरी तिने विचारलं, "त्या लाल चपला कुणाच्या?"

"सुमंतच्या. अडीच वर्षांचा होता." कृष्णाबाईने श्वास घेतला. "मी दाराशी मोजलं, बारा जोड होते. म्हटलं, सगळी आत आहेत. तो अनवाणीच गेला. संध्याकाळी मागच्या नाल्यात सापडला. तीन वर्षं झाली. त्याचे आईबाप गाव सोडून गेले, यांनी बोर्ड बदलला."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. ध्रुवने कृष्णाबाईचं बोट पकडलं होतं आणि तो सोडत नव्हता. यशश्रीला त्या पाळणाघराची भीती वाटत होती. आणि बाकीच्या तीन पाळणाघरांत तिच्या पोराच्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता, हेही तिला आठवत होतं.

"अक्का, सोमवारी तुम्ही असाल?"

कृष्णाबाईने वाकून ध्रुवच्या पायांत चपला घातल्या, पट्टे घट्ट लावले, ओढून पाहिले.

"मी कुठं जाणार?" ती म्हणाली. "सुमंतच्या चपला न्यायला कुणी आलं नाही अजून."