पहिल्या फुलाचा मान

"कात्री खाली ठेवा, मामंजी. फूल मी देणार नाही."

शलाका गच्चीवरच्या हौदापुढे आडवी उभी राहिली. झाँसीतल्या ओरछा गेटजवळच्या त्या घरात सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणणारी ती पहिलीच सून. अनंतरावांच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्या हातात परडी. तिच्या पाठीमागे दिवेलागणीच्या उजेडात व्हिक्टोरिया कमळाची कळी उमलत होती. पांढरीशुभ्र. पिकल्या अननसासारखा वास गच्चीभर पसरला होता.

झाडाचं पहिलं फूल देवाचं, हा घरचा नियम. अनंतराव रेल्वेतून निवृत्त झाले होते, नियमांतून नाही. गेल्या वर्षीही त्यांनी ते असंच उमलताउमलता कापलं. सकाळी देव्हाऱ्यात त्याचं काळं बोंड उरलं. हे फूल झाडावर राहू दिलं, तर दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होतं, मग पाण्याखाली जाऊन बी धरतं. लहानशा हौदात फूल येणार एखादंच. ते गेलं, बी गेलं, आणि झाँसीच्या थंडीत झाडही गेलं. शलाका तेव्हा ढसाढसा रडली होती. मग केरळातून पुन्हा बी मागवून तिने सगळं पहिल्यापासून केलं. मे महिन्यात गच्चीवर पाय ठेववत नसे, तेव्हाही ती हौदावर ओलं गोणपाट धरून असायची.

शेजारच्या गच्चीवरून इंदिराजी म्हणाल्या, "दे दो ना बहू, ठाकुरजी को ही तो चढ़ेगा."

"ठाकुरजी ने माँगा नहीं है, चाचीजी."

अनंतरावांचा चेहरा लाल झाला. "देवाला फूल नाकारतेस? या घरात असं कधी झालं नाही."

"आज होईल."

एवढं बोलून ती तरातरा जिना उतरून गेली. सून रुसली, असं अनंतरावांना वाटलं. परडी खाली ठेवून त्यांनी हौदात हात घातला. पण त्या कमळाचा देठ म्हणजे नुसते काटे. बोटातून रक्त आलं. ते दुसरीकडून वाकून पाहतात, तोवर शलाका वर आली. तिच्या हातात तबक होतं, आणि तबकात देव्हाऱ्यातला पितळी रांगता बाळकृष्ण.

परातीएवढ्या, काठ उचललेल्या पानावर तिने तबक ठेवलं. फूल अगदी शेजारी होतं.

"आता करा पूजा."

इंदिराजींनी आपल्या गच्चीवरून हात जोडले. पान थोडं खाली गेलं, तसा अनंतरावांचा जीव वरखाली झाला. हातातली कात्री त्यांनी कठड्यावर ठेवली आणि दोन्ही हात पानाखाली धरायला पुढे केले.

"अगं, बुडतील देव!"

"बुडायचे नाहीत, मामंजी. पान मी वाढवलंय."