पास झालेलं पाणी

"बाबा, तुमच्या प्लांटमधून नदीत सोडतात ते पाणी तुम्ही स्वतः प्याल?"

हे विचारायची हिची छाती नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. पण वक्तृत्वाचा कप आणल्यापासून ती कुणाला हार जात नव्हती. सकाळी फिल्टरखाली बाबांच्या बाटल्या भरता भरता तिने विचारूनच टाकलं. एक बाटली स्टीलची, एक पांढऱ्या टोपणाची. सांडपाण्याच्या त्या प्लांटवर उकाडा फार, एका बाटलीने भागत नाही, असं बाबा म्हणायचे. तिसरीत असल्यापासून हे काम तिचंच.

"काय नमुना आहे ही!" बाबा हसले. "प्यायचं नसतं गं ते. नदीत सोडण्याइतपत स्वच्छ असतं. रोज वरच्या ऑफिसात तपासून येतं."

"म्हणून काठावरच्या फळ्यावर रोज 'पास' लिहिता?"

"पास होतं, म्हणून लिहितो."

ओट्याशी उभ्या आईचा हात थांबला.

तोच फळा वाचून धाकटी बहीण नदीच्या पाण्यात उतरली होती. "ताई, बाबांचं अक्षर बघ! पास!" मग ताप, जुलाब, आठ दिवसांत सगळं आटोपलं. त्याला आता दोन महिने झाले. दूषित पाणी, एवढंच डॉक्टर म्हणाले.

"नदीचं काही नव्हतं," आई पुटपुटली. "मीच तिला गाडीवरचं सरबत पाजलं. या हातांनी."

बाबा बूट घालू लागले. तुझी चूक नाही, असं ते कधीच म्हणत नसत.

काल शाळेने सगळ्या वर्गाला प्लांट दाखवायला नेलं होतं. प्रयोगशाळेत बाबांनीच कपाट उघडलं. आत वरच्या ऑफिसात तपासायला जाणाऱ्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीने उभ्या, सगळ्या पांढऱ्या टोपणाच्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. मैत्रिणी नाकं दाबून खिदळत पुढे गेल्या. ती एकटीच कपाटापाशी रेंगाळली होती.

तिने स्टीलची बाटली डब्याच्या पिशवीत ठेवली. दुसरी तिच्या हातातच राहिली.

"आण गं इकडे, उशीर होतोय," बाबा म्हणाले.

तिने पांढरं टोपण काढलं आणि बाटली मोरीत उपडी केली.

"आई, तूही ऐक." आवाज खणखणीत निघेल असं तिला वाटलं होतं. तो घोगरा निघाला. "सरबताने काही झालं नाही गं. बाबा, मी ठरवलंय. आजपासून तुमची प्यायची बाटली तेवढी मी भरणार. नमुन्याची तुम्ही प्लांटवरच भरा."